पुलाखालचं जावळ

जळगाव जामोदच्या डॉक्टरांनी छकुलीच्या डोक्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "येतील हो केस, घाई कशाला?" मग मलमाची एक ट्यूब लिहून दिली. असल्या ट्यूबा पुष्पांजलीच्या घरी ढिगानं पडल्या होत्या. पोरीचं जावळ काढलं त्याला दिवाळी उलटून उन्हाळा लागला, तरी टाळूवर साधी लव फुटली नव्हती. डोकं कसं वांग्यासारखं गुळगुळीत. गावातल्या बाया कौतुकानं जवळ घ्यायच्या नि हात लावायची वेळ आली की पदर सावरायच्या.

परतीच्या एसटीत खिडकीशी जागा मिळाली. संग्रामपूर यायच्या आत छकुली ठसकू लागली. शेंगदाणा अडकला असेल म्हणून पुष्पांजलीनं तिच्या तोंडात बोट घातलं, तर हाताला केस लागला. ती ओढायला गेली आणि तो येतच राहिला. लांब, बुळबुळीत, कोमट. आंबट दुधाचा भपकारा सुटला. शेजारच्या बाईनं नाकाला पदर लावून तोंड फिरवलं. पुष्पांजलीच्या बोटाभोवती त्या केसाचे वेढे बसले होते, आणि शिसारी आली तरी तिनं ते निरखून पाहिले. तपकिरी, रेशमासारखे मऊ. हे केस तिनं लगेच ओळखले.

ओळखणारच. तिनंच ते लपवले होते.

त्यांच्या गावात जावळाचे केस आत्या ओच्यात झेलते, आई ते कणकेच्या गोळ्यात भरते आणि गोळा नदीवरच्या जुन्या दगडी पुलाच्या मधोमध उभं राहून पाण्यात सोडतात. पण पुष्पांजली अकोल्याची. मोबाइलवर तिनं आठवणींच्या पेट्या पाहिल्या होत्या. बाळाची नाळ, पहिलं झबलं, पहिले केस, सगळं कसं मखमलीवर मांडलेलं. पोटच्या पोरीचे पहिले केस मासोळ्यांना घालायचे, हे काही तिच्या मनाला पटेना. तिनं ते हळूच तशाच एका पेटीत ठेवले आणि कणकेच्या गोळ्यात स्वतःच्या फणीतली गुंतवळ कोंबली. सगळ्यांनी पुलावरून त्या गोळ्याला हात जोडले, तेव्हा तिला हसू दाबावं लागलं होतं.

घरी येऊन तिनं कपाटातली पेटी उघडली. मूठभर ठेवलेले केस आता पेटीच्या झाकणाला टेकले होते. ओलसर, तेलकट, नाळेच्या सुकल्या तुकड्याला विळखा घालून बसलेले. मखमल आतून कुजली होती. पुष्पांजलीनं पेटी दाणकन खाली ठेवली. आवाज ऐकून सासू सोजराबाई दारात येऊन उभी राहिली, आणि तिला काही सांगायची गरज उरली नाही.

"काऊन वं, सोडलं नोहतं तू?"

"आठवण म्हणून ठेवलं, आत्याबाई..."

"आठवण!" सोजराबाई खाली बसली. तिचा आवाज एकदम खाली आला. "पोटातले केस व्हय ते बाई. तिकडलं तिकडं धाडा लागते. पुलाच्या मधातून सोडलं का मागचं मागं जाते अन् लेकरू अलीकडं येते. तू मागचं धरून बसली... तं लेकरू मधातच उभं राह्यलं ना."

"मग आता?"

"आजच्या आज सोडून ये. नवऱ्याले सांगू नको."

आता सोडून ये म्हणणं सोपं होतं. पण जुना पूल होता कुठं? शेजारी नवा उंच पूल झाला आणि गेल्याच महिन्यात जेसीबीनं जुना पाडला. पुष्पांजली भर दुपारी पेटी घेऊन नव्या पुलावर गेली. खाली नदी कोरडीठाक, नुसती वाळू आणि तिच्यात लोळणारी कुत्री. इथून केस टाकले तर ते कुत्र्याच्या अंगाला लागणार. पाणी एकाच जागी होतं, जुन्या पुलाचा मधला खांब उपटून काढला त्या खड्ड्यात. मधोमधच तर सोडायचं आहे, असं मनाशी म्हणत ती खाली उतरली.

वास आधी आला. नासलेलं दूध, कुजकी कणीक आणि चिखल. मग माश्यांचा आवाज. खड्ड्याच्या पाण्यावर म्हशीच्या कातड्यासारखं काहीतरी जाड, काळंहिरवं पसरलं होतं. ती केसांची साय होती. गावानं पिढ्यान्‌पिढ्या पुलावरून सोडलेलं जावळ वाहून गेलंच नव्हतं. ते खांबाच्या पायात अडकून तिथंच थराथरानं साचत राहिलं होतं, आणि जेसीबीनं ते उकरून वर आणलं होतं. त्यात कणकेचे बुरसटलेले गोळे होते आणि गोळ्यांत किडे वळवळत होते.

पुष्पांजली भडाभडा ओकली. तोंड न पुसताच तिनं पेटी पालथी केली. केस पडले त्या जागी साय किंचित फुगून वर आली आणि सायीनंच ते आत ओढून घेतले... पाणी जराही हललं नाही. काही केस बोटांच्या बेचक्यांत चिकटून राहिले. वाळूनं घासून घासून तिनं कातडी सोलवटून घेतली.

सकाळी छकुलीच्या खांद्यापर्यंत केस आले होते.

सोजराबाईनं देवापुढं साखर ठेवली, शिरा केला. मग नातीला मांडीत घेऊन ती विंचरू लागली आणि फणी मध्येच थांबली. एक बट कुरळी होती. तिच्या शेजारची सरळ, राठ. पलीकडची तांबूस. कुरळी बट बोटांत धरून म्हातारीनं ती गालाला लावली.

"हे... हे तं माह्या गोविंदाचे."

गोविंदा म्हणजे पुष्पांजलीच्या नवऱ्याचा, निवृत्तीचा थोरला भाऊ. दोन वर्षांचा असताना तापानं गेलेला. छकुलीला अजून धड बोलता येत नव्हतं. तिनं मान वळवली, म्हातारीच्या गळ्यात हात टाकले आणि स्पष्ट म्हणाली, "माय."

सोजराबाईनं ते पदरात झाकून ठेवायला हवं होतं. तिनं रडत रडत गल्लीला सांगितलं. दुपारी गल्लीतली शालूबाई आली, तिनं आपल्या गेलेल्या लेकराची राठ बट ओळखली. मग ओसरीवर बायाच बाया. ज्यांची लेकरं लहानपणीच गेली त्या सगळ्या. कुणी दूध आणलं, कुणी खारीक-खोबरं. छकुली ज्या त्या मांडीत जाऊन बसायची. बाया तिच्या डोक्यात नाक खुपसून म्हणायच्या, "कसा दुधाचा वास येऊन राह्यला, बाई!" पुष्पांजलीला मात्र त्या खड्ड्याचा वास यायचा, आणि आपल्याच लेकराची किळस येते म्हणून स्वतःची लाज वाटायची.

चौथ्या दिवशी बाया गेल्यावर तिनं दाराला कडी घातली. छकुलीला पाठमोरी पुढ्यात बसवलं. एकेक बट वेगळी करून ती तपकिरी, मऊ केस शोधू लागली. मुळाशी चिखल होता. बोटांना बुळबुळीत लागत होतं. तरी ती कानामागं पाहून झाली, मानेवर पाहून झाली, टाळूवर पाहून झाली. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. तिच्या पोरीचा एकही केस त्यात नव्हता.

छकुली इतका वेळ शहाण्यासारखी मान खाली घालून बसली होती. आता तिनं मागं वळून पाहिलं आणि कीव आल्यासारखं हळूच विचारलं,

"तुमचं कोनतं व्हय, मावशी?"