चोविसावा फोटो

"हॉटेलचे मॅनेजर. पोट आत ओढून उभे आहेत. श्वास कधी सोडणार, देवालाच माहीत."

हे वाक्य अविनोने स्वतः लिहिलं होतं. पण या क्षणी ते कुणीतरी मोठ्याने बोलत होतं. तेही पेलिस्ता मावशीच्या चहाच्या दुकानात, सकाळी साडेदहाच्या गर्दीत... आणि तो आवाज माणसाचा नव्हता.

तिचा कप ओठांपाशीच थांबला.

"खोली क्रमांक सात," आवाज शांतपणे पुढे म्हणाला. "पडद्यांचा रंग बघून झोप उडेल. पुढचा फोटो. तळलेला मासा. माझ्यापेक्षा खुशीत दिसतोय."

सगळं दुकान हसलं. भाड्याने माणसं नेणारे बोडावाले आपल्या मोटरसायकली सोडून दारात येऊन उभे राहिले. आवाज शेजारच्या टेबलावरच्या फोनमधून येत होता. फोनपाशी कडक इस्त्रीचा पिवळा शर्ट घातलेला एक तरुण बसला होता. त्याच्या खुर्चीला पांढरी काठी टेकवलेली होती आणि हेडफोनची वायर फोनमधून सुटून तळलेल्या गोड मांडाझीच्या बशीत पडली होती. कानात काहीच येत नाही हे त्याला हसण्याच्या नादात कळलंच नसावं.

अविनो उठली, वायर उचलली आणि फोनमध्ये खुपसली. आवाज बंद झाला.

"तुमची... तुमची वायर निघाली होती."

"आभारी आहे," तो म्हणाला. "पण छान चाललं होतं की. लोकांना आवडत होतं."

"हे तुम्हाला कुठे मिळालं?"

"तळ्याच्या किनाऱ्यावर नवं हॉटेल झालंय ना, त्याच्या वेबसाइटवर. प्रत्येक फोटोमागे एक ओळ लिहिलेली असते. तुम्हा बघणाऱ्यांना ती दिसत नाही, माझा फोन मला ती वाचून दाखवतो." त्याने मान जरा तिरकी केली. "तुम्ही ज्या घाईने वायर खुपसलीत, त्यावरून वाटतं की एकतर तुम्ही मॅनेजरची बायको आहात, नाहीतर ही साइट तुम्ही केलीय."

"मी कुणाची बायको नाही."

"हे उत्तम झालं," तो म्हणाला, आणि अविनोला एवढ्या संकटातही हसू आलं.

झालं होतं असं. साइट बांधताना फोटोमागची ओळ रिकामी ठेवली, की फोटो जागेवर बसतच नव्हता. रात्रंदिवस काम करून वैतागलेल्या अविनोने मग मनात येईल ते तिथे टाइप केलं होतं. नंतर बदलू. साइट बनवणारी जात हे 'नंतर बदलू' दिवसातून दहादा म्हणते आणि विसरते. अविनोही विसरली होती.

"मी ओडेरो," तो म्हणाला. "शनिवारी दहा वाजता रेडिओवर इंटरनेटच्या बातम्या सांगतो ना, तोच."

अविनो मटकन खाली बसली. तो कार्यक्रम अख्खं किसुमू ऐकायचं. तिची आईसुद्धा ऐकायची, जिला इंटरनेटमधलं ओ की ठो कळत नव्हतं.

"आणि या शनिवारी..." ओडेरोने जरा चाचरत सांगितलं, "किसुमूत तयार झालेल्या नव्या साइट्सवरच कार्यक्रम आहे. तुमची पहिली. आणि मॅनेजर ओचोला स्टुडिओत पाहुणे म्हणून येणारेत."

नैरोबीची नोकरी सोडून अविनो तीन महिन्यांपूर्वी घरी आली होती. स्वतःच्या नावावर काम करायचं, या एका हट्टापायी. कुणी दारात उभं करत नसताना ओचोलांनी तिला पहिलं काम दिलं होतं. त्या माणसाच्या पोटाबद्दल तिने काय लिहिलंय हे सगळ्या गावाने रेडिओवर ऐकलं, तर दुसरं काम या जन्मात मिळणार नव्हतं. आणि ओचोलांना तोंड तरी कसं दाखवायचं?

तिने तिथेच लॅपटॉप उघडला. वीस मिनिटांत तेवीसच्या तेवीस ओळी पुसून नव्या लिहिल्या. "बघा आता. म्हणजे... ऐका."

फोन त्याच्या कानात पुटपुटला. मॅनेजर. खोली. मासा. खोली. तळं. ओडेरोचा चेहरा हळूहळू उतरला.

"गेलं," तो म्हणाला.

"काय गेलं?"

"आत्तापर्यंत दिसत होतं ते." त्याने हेडफोन काढून ठेवला. "मी नऊ वर्षांचा असताना तापात माझे डोळे गेले. तेव्हापासून लोक मला सांगतात, फोटो छान आहे. छान म्हणजे काय, ते कुणी सांगत नाही. आज वीस वर्षांनी मला एका माणसाचं पोट दिसलं, त्याने धरून ठेवलेला श्वास दिसला. खरंच सांगतो, मी तुमचा फार आभारी आहे."

अविनो शिव्या खायच्या तयारीत बसली होती. आभार घ्यायची तयारी तिने केलीच नव्हती.

"मग काय लिहू मी?" तिने हळूच विचारलं.

"जे आहे तेच लिहा. फक्त चिडून लिहू नका."

दुसऱ्या दिवशी दोघं हॉटेलात गेली. ओडेरोने तिच्या कोपराला हलकेच धरलं आणि अर्धं पाऊल मागे राहून चालू लागला. "पायरी," ती म्हणायची. "अजून एक. आता सपाट." गच्चीवरच्या कोपऱ्यातल्या टेबलाशी ते बसले. वेटरने मक्याच्या पिठाची उगाली आणि मासा आणून ठेवला.

"तळं निळं आहे," अविनोने सुरुवात केली.

"नऊ वर्षं मी ते रोज बघितलंय. ते दर तासाला वेगळं निळं असतं. आत्ता कुठलं?"

तिने पुन्हा बघितलं. "निळं नाहीच आहे. भांडी विसळलेल्या पाण्यासारखं आहे. किनाऱ्याला जलपर्णीचा हिरवा पट्टा, त्यात एक होडी अडकलीय आणि तिच्यावर एक बगळा मालकासारखा उभा आहे."

"हां," ओडेरो हसला. "हे दिसलं."

मग त्याने तिला धडा शिकवला. तिचे डोळे मिटायला लावले, हातात आपला फोन दिला आणि सांगितलं, "तुमच्याच साइटवर एक खोली राखून दाखवा." अविनो चार मिनिटं दोन बटणांच्या मध्ये भटकत राहिली. तिने हौसेने केलेला सरकता मेनू त्या आवाजाला सापडतच नव्हता.

"घर सुंदर बांधलंत," ओडेरो म्हणाला, "दार तेवढं राहिलं."

"टोमणे मारायचा पगार मिळतो का रेडिओवर?"

"तो मी फुकट मारतो. पगार बातम्यांचा मिळतो."

तिने तो मेनू काढून टाकला, साधी मोठी शीर्षकं दिली, बटणांवर सरळ नावं लिहिली. पान आधीपेक्षा हलकं झालं, साध्यातल्या साध्या फोनवरही झटकन उघडायला लागलं. पाच वर्षं ती हे काम करत होती, पण पान उघडणाऱ्या माणसाचा विचार तिने असा कधी केला नव्हता. हे तिने त्याला सांगितलंसुद्धा. "थँक्यू," ती म्हणाली.

मॅनेजर ओचोला येता जाता दिसत होते. प्रत्येक पाहुण्यासाठी स्वतः दारात जायचे. कोटाचं बटण कसंबसं लावलेलं. शिवणीवरून कोट जुना पण जपून ठेवलेला वाटत होता, आणि खिशावर फुलाच्या टाचणीची दोन बारीक भोकं होती. अविनो बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने पहिली ओळ नव्याने लिहिली.

शुक्रवारी दुपारी चारला तळ्यावरून पाऊस आला. गच्चीवरच्या पत्र्याच्या छपरावर एवढा आवाज झाला की बोलायला दोघांना जवळ सरकावं लागलं. ओडेरो पावसाकडे कान लावून बसला होता. अविनोने गुपचूप फोन काढला. तिचा हात जरासा हलला.

निघताना त्याने पुन्हा तिचं कोपर धरलं.

"ही वाट तुम्हाला एव्हाना पाठ झाली असेल ना?"

"झालीय की," तो म्हणाला. हात तिथेच होता.

शनिवारी दहा वाजता अविनो पेलिस्ता मावशीच्या रेडिओपाशी जाऊन बसली. ओडेरोचा आवाज आला आणि तिने कप बाजूला ठेवला.

"मोंबासापाशी समुद्राखालची तार पहाटे तुटलीय. आज इंटरनेट रांगत चालेल, रागावू नका. तरी आपण प्रयत्न करू. आपल्यासोबत मॅनेजर ओचोला आहेत. बघूया, त्यांची साइट आम्हा न दिसणाऱ्यांशी कशी बोलते."

स्टुडिओतल्या कॉम्प्युटरवर मंगळवारी, म्हणजे ओळी बदलायच्या आधी, ही साइट एकदा उघडली होती आणि तेव्हाचं पान त्याने साठवून ठेवलं होतं. तार तुटल्यामुळे बाहेरून नवं पान येईना. त्याने आपलं जुनंच पुढे केलं.

"हॉटेलचे मॅनेजर," तो यांत्रिक आवाज सगळ्या किसुमूला म्हणाला. "पोट आत ओढून उभे आहेत. श्वास कधी सोडणार, देवालाच माहीत."

अविनोने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. संपलं. पहिलं काम, तेच शेवटचं.

मग ओडेरो घाईघाईने बोलू लागला.

"थांबा. हे जुनं पान आहे. नवं इथे पोचत नाहीये. पण ते मला पाठ येतं. मी सांगतो." त्याने घसा खाकरला. "दारात मॅनेजर ओचोला. लग्नातला कोट घातलाय. आता जरा घट्ट होतो, पण पाहुणा येणार म्हणून मुद्दाम बाहेर काढलाय."

आणि मग तो थांबलाच नाही. दुसरा फोटो, तिसरा, सातवा. बगळा, अडकलेली होडी, सात नंबरच्या खोलीतले संध्याकाळसारखे केशरी पडदे. तेवीसच्या तेवीस ओळी, तिच्या शब्दाला शब्द. कुठेही न अडखळता. पेलिस्ता मावशी चहा गाळायची थांबली. अविनोच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही तिला सुचत नव्हतं. तिची ओळ न् ओळ त्याने तोंडपाठ केली होती.

"कोट लग्नातलाच आहे," शेवटी ओचोलांचा जड आवाज आला. "त्या मुलीला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. तिने बघितलं."

"माझी आई सियायाला असते. तिला आता दिसत नाही. रेडिओ लावून बसली असेल." ते जरा थांबले. "आई, मी तो कोट घातलाय गं." मग एक लांब सुस्कारा ऐकू आला, आणि हसणं. "आणि श्वास आत्ता सोडला. सांगा तिला. आणि म्हणावं, आमच्या दुसऱ्या हॉटेलचंही काम तिनेच करायचंय."

दुपारी बारा वाजता दुकानाच्या दारात काठीची टकटक झाली. अविनो उठून उभी राहिली.

"मी... कसे आभार मानू तुमचे?"

"आधी बसू द्या." ओडेरो तिच्या समोर बसला. "आत्ता वाटेत तुमची साइट उघडली एकदाची. त्यात चोवीस फोटो आहेत म्हणे. मला तर तेवीसच पाठ आहेत."

"चोविसावा ऐकलात?"

"नाही. म्हटलं, तुमच्यासमोर ऐकावा." त्याने हेडफोन कानाला लावला आणि पडद्यावर बोट ठेवलं.

अविनोने एकदा दुकानाकडे बघितलं. बोडावाले होते, मावशी होती, ओळखीचे चार चेहरे होते. मग तिने हात पुढे केला आणि वायर उपटून काढली.

"चोविसावा फोटो," आवाज भर दुकानात म्हणाला. "गच्ची, कोपऱ्यातलं टेबल. पिवळ्या शर्टातला माणूस पाऊस ऐकतोय. फोटो काढणारीचा हात हलल्यामुळे फोटो जरा धूसर आहे. ती पाच वर्षं पडद्याकडे बघत होती, याच्यामुळे आता माणसांकडे बघायला लागलीय. याने रोज तिच्या समोर बसावं, असं तिला वाटतं."

कुणी हसलं नाही. मावशीने न विचारताच दोन कप चहा टेबलावर आणून ठेवले.

ओडेरोचा हात टेबलावरून चाचपडत आला. या वेळी तो कोपरापाशी थांबला नाही, सरळ तिच्या तळहातात येऊन विसावला.

"अविनो," तो म्हणाला. त्याचा रेडिओवरचा आवाज कुठल्या कुठे गेला होता. "ही ओळ... ही पण तू नंतर बदलणारेस का?"

"नाही," ती म्हणाली. "ही अशीच राहू दे."