वेली उपटायला आलेला माणूस

पाऊस नुसता भुरभुरत होता. छत्री उघडावी तर लाज वाटावी, न उघडावी तर केस भिजावेत, असा. धाकटी बाजारातून घरी निघाली होती आणि चढावरच्या अरुंद वळणावर एक लांबलचक ट्रक अडकून बसला होता. ट्रकवर साखळ्यांनी जखडलेलं पिवळं मशीन होतं. ड्रायव्हर खिडकीतून अर्धा बाहेर येऊन मागच्या चाकाकडे बघत होता, जणू त्या चाकानेच त्याला दगा दिला होता.

"मागे भिंत आहे," धाकटी म्हणाली.

"दिसली मला. तिनेही मला बघितलंय," तो म्हणाला. "जरा हात दाखवाल का? नाहीतर आम्ही दोघं इथेच म्हातारे होऊ... मी आणि भिंत."

धाकटीला हसू आवरेना. तिने पिशवी खाली ठेवली आणि थोडं डावीकडे, अजून थोडं, बास, असं करत ट्रक वळणातून काढून दिला. तोवर ती चांगलीच भिजली होती. त्याने शेजारची सीट रुमालाने पुसली आणि वर यायला सांगितलं. ती चढली. त्याचे डोळे पुढच्या रस्त्यावर कमी आणि तिच्या ओल्या केसांवर जास्त आहेत, हे तिच्या लक्षात आलं होतं, आणि ते आवडल्याचंही.

"वरचा द्राक्षमळा कुठे आला हो?" त्याने विचारलं. "तो सेंद्रिय वाईनवाल्यांचा. सगळ्या वेली उपटायच्यात. रोग पडलाय म्हणे."

धाकटी काचेवरच्या पाण्याकडे बघत राहिली.

"सरळ," ती म्हणाली. "मग उजवीकडे."

पुढे ती फक्त रस्ता सांगत राहिली. फाटकाशी ती उतरली आणि तिने स्वतःच्या पर्समधून किल्ली काढून कुलूप उघडलं, तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. त्याने इंजिन बंद केलं.

"मी मघाशी जे बोललो ते..."

"चुकीचं काही बोलला नाहीत. सगळ्याच उपटायच्यात."

मागच्या हंगामात पानं वेळेआधीच लाल झाली होती. लांबून बघणाऱ्याला वाटावं, काय सुंदर मळा आहे. घरच्यांना मात्र कळलं होतं. द्राक्षं आंबटच राहिली, गोडी भरलीच नाही. एक बारीकसा किडा हा रोग वेलीवरून वेलीवर नेतो. आजूबाजूच्या सगळ्यांनी औषध फवारलं. बाबांनी फवारलं नाही. धाकटी त्यांच्याशी भांडली, रडली, अबोला धरला, पण ते हलले नाहीत. शेवटी तपासणी करणारे आले आणि मळा मुळासकट काढायचा हुकूम देऊन गेले, नाहीतर अख्खं खोरं जाईल म्हणाले. तेव्हापासून बाबा तळघरात पिंपांजवळ बसून असायचे. जेवायला वर यायचे, तेही आत्याने दोनदा ओरडल्यावर.

सकाळी आत्यानेच धाकटीच्या हातात कॉफीचा मग दिला. "जा, देऊन ये त्याला. आपल्या घरात जल्लादालासुद्धा आधी कॉफी विचारतात," ती म्हणाली, आणि पदराने डोळे टिपत आत गेली.

मशीनवाल्याने काम खालून सुरू केलं होतं. लोखंडी पंजा जमिनीत रुतला, वेल वर आली आणि मुळं तुटण्याचा आवाज झाला... जाड कापड टराटरा फाडावं तसा. धाकटी ओळीच्या टोकाशीच थांबली. त्याने तिला पाहिलं, मशीन थांबवून तो खाली उतरला आणि कॉफीचा मग तिच्या हातातून घेतला.

"ही ओळ कुणी लावलेली?"

हा प्रश्न येईल असं तिला वाटलं नव्हतं. "मी," ती म्हणाली. "शाळेत होते तेव्हा. म्हणून वाकडी आहे."

"वाकडी नाही. वळणदार आहे."

ती हसली, आणि हसता हसताच तिचा चेहरा वेडावाकडा झाला. तो कॉफीत बघत उभा राहिला, ती सावरेपर्यंत.

मग तसं रोजच होऊ लागलं. नवीन ओळीला हात लावण्याआधी तो इंजिन बंद करायचा आणि ती सांगायची. तिच्या ओळींच्या वर बाबांच्या होत्या, त्यांच्या वर आत्याच्या, आणि अगदी माथ्यावर आजोबांच्या. घराण्याची सगळी गोष्ट अशी उलटी, शेपटाकडून निघाली. आत्याने लग्नाला नकार देऊन पिंपं सांभाळली. तिची पहिली वाईन जमली तेव्हा ती अशी किंचाळली, की आजोबा काठी घेऊन धावले, त्यांना वाटलं साप चावला. आणि आजोबांची स्वतःची पहिली वाईन? ती सगळीच्या सगळी आंबली. त्यांनी चेहऱ्यावरची माशीही हलू न देता ती व्हिनेगर म्हणून विकली. मशीनवाला पोट धरून हसला. दिवसाउजेडी त्या उजाड होत चाललेल्या उतारावर हसणं बरं दिसत नव्हतं, पण दोघं हसली.

एका सकाळी तिने धाकट्या आजोबांचं सांगितलं. आजोबांचा भाऊ. पाठीवर पंप, हात उघडे, तोंडाने शीळ घालत फवारणी करायचा. त्या विषाने त्याची छाती निकामी झाली. ऐन तोडणीत गेला. आजोबांनी पंप घणाने फोडला, आणि औषधाचं पिंप पुन्हा कधी फाटकाच्या आत आलं नाही.

"बाटलीवर सेंद्रिय छापायला लागलो ते कितीतरी वर्षांनी," ती म्हणाली. "आमच्या घरात आधी त्याला नाव नव्हतं. ते नुसतं दुःख होतं."

तिच्या गालाला माती लागली होती. त्याचा हात पुढे आला, पण बोटं तेलाने काळी झालेली दिसताच त्याने तो मागे घेतला. लागू दे काळं, असं धाकटीच्या अगदी ओठांवर आलं होतं.

मळा होता तोवरच तो इथे होता. एक ओळ गेली की एक सकाळ गेली. कॉफीचा मग घेऊन उतार चढताना ती रोज उरलेल्या ओळींकडे बघायची, आणि आपण नक्की कशासाठी झुरतोय हे तिला सांगता आलं नसतं. तोही रेंगाळू लागला होता. ठेकेदाराचा फोन आला की सांगायचा, मशीन रुसलंय.

"मशीन रुसलंय की मशीनवाला?" तिने एकदा विचारलं.

"मशीनवाला कशाला रुसेल? त्याला तर... इथून जायचंच नाहीये," तो म्हणाला, आणि लगेच इंजिन सुरू केलं.

माथ्यावरची शेवटची ओळ राहिली त्या सकाळी बाबा वर आले. दाढी वाढलेली, उन्हाने डोळे मिटमिटत. हातात पहार होती. कुणाशीही न बोलता ते पहिल्या वेलीशी गुडघ्यांवर बसले आणि खणू लागले. पहार दगडावर आदळायची, सटकायची. धाकटी धावली, पण आत्याने तिचं मनगट धरलं. मशीनवाला खाली उतरला. त्याने फावडं घेतलं आणि दुसऱ्या बाजूने माती ओढू लागला. दुपार झाली तेव्हा ती एक वेल निघाली, माणसाच्या मांडीएवढ्या जाड मुळासकट. बाबांनी ती आडवी ठेवली, तिच्या सालीवरून हात फिरवला. "बाकीच्या तू काढ," ते म्हणाले. "हळू काढ." आणि ते घराकडे गेले, पाय ओढत.

धाकटीला तेव्हा कळलं, आपण या माणसाच्या प्रेमात पुरत्या बुडालोय.

संध्याकाळी उतारावर एक वेल उरली नव्हती. मशीन पुन्हा साखळ्यांनी बांधलं गेलं. तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला. हात त्याने घासून घासून धुतले होते, तरी नखांत काळं होतंच.

"मी जातो तिथे काहीतरी संपलेलंच असतं," तो म्हणाला. "कुठे काही लावायला मला कुणी बोलावलं नाही. इथे पहिल्यांदाच वाटलं, की काहीतरी... माझ्यासोबत येशील?"

पहिल्यांदाच त्याने तिला अगं-तुगं केलं होतं. तिने त्याचा हात घेतला आणि गालाला लावला. तसाच धरून ठेवला.

"माझं प्रेम आहे तुझ्यावर," ती म्हणाली. "पण डोळे मिटले की तो आवाज येतो. मुळं तुटण्याचा. तुझ्या कुशीत असले तरी येईल. आणि तू विचारशील काय झालं, आणि मी रोज काही नाही म्हणेन."

"मी मशीन सोडतो."

"आवाज मशीनमध्ये नाहीये रे आता."

तिच्या गालावरचा त्याचा अंगठा एकदा हलला, आणि मग त्याने हात काढून घेतला.

ट्रक फाटकाबाहेर पडला. धाकटी ओसरीवर उभी राहिली. आत्याने आतून हाक मारली, ती गेली नाही. खाली रस्ता दिसत होता, पहिलं वळण, दुसरं, पूल, पुलापलीकडची लांबच लांब सरळ पट्टी. आजवर या ओसरीवरून वेलींच्या दाटीत रस्ता कधी दिसलाच नव्हता. वेली असत्या तर ट्रक फाटकाबाहेर पडताच दिसेनासा झाला असता. आता तो जाताना दिसत राहिला... कितीतरी वेळ.