खडूच्या खुणा

घरमालकाला फोन केला की तो आधी खोकायचा, मग "बोला" म्हणायचा, आणि समोरचा बोलायला लागला की "बघतो, माणूस पाठवतो" म्हणून मोकळा व्हायचा. हा माणूस कोण, राहतो कुठे, त्याला हातपाय तरी आहेत का, हे कोणालाच कळलं नव्हतं. मागच्या खोलीची भिंत ओलीने फुगली होती. खिडकीची चौकट कुजली होती, नळ ठिबकत होता आणि पुढचं दार असं करकरायचं की समोरची शेजारीण आपल्या स्वयंपाकघरातून विचारायची, "निघालात का टेलरबाई?"

तिला सगळे टेलरबाईच म्हणत. पुढच्या खोलीत तिचं मशीन होतं. उसवलेलं शिवणं, सैल झालेलं आत घेणं, आखूड झालेलं सोडणं, असली कामं ती करायची. हे घर सोडावं असं शंभरदा मनात येऊन गेलं होतं, पण अण्णांचं काय करायचं? वडिलांना हल्ली काही आठवत नसे. जेवलो की नाही हेही विसरत, आणि बायको कधीच गेली हेही. डॉक्टरांनी बजावलं होतं, जागा बदलू नका, ओळखीच्या भिंती गेल्या तर उरलंसुरलंही जाईल. उरलंसुरलं म्हणजे लेकीची ओळख. ती बाहेरून आली की खाटेवरून आवाज यायचा, "आली का शहाणी?" एवढ्यासाठी ती ओल, कूज, ठिबक सगळं सोसत होती. अण्णांनी ओळखलं नाही तर आपलं म्हणायला कोणी उरणार नव्हतं.

ओल वाढतेय हे घरमालकाला पटावं म्हणून तिने एकदा ओलीच्या कडेने खडू फिरवला. कापडावर आखायचा चपटा निळा खडू. तो सतत तिच्या बोटांत असायचा. फोटो काढून पाठवला. घरमालकाने उत्तरादाखल अंगठा दाखवला, आणि त्याच्या बाबतीत तो दोन्ही अर्थांनी खरा होता.

दुसऱ्या दिवशी ती गिऱ्हाइकांचे कपडे पोचवून परत आली. बाहेर पडताना ती दाराला कुलूप लावायची, कारण अण्णा भटकायचे. कुलूप काढून मागच्या खोलीत गेली तर भिंत कोरडी होती. नुसती कोरडी नाही, नव्यासारखी. ओल नाही, पोपडे नाहीत, खडूची रेघ नाही. खोलीत भिजल्या चुन्याचा वास होता.

"अण्णा, कोण आलं होतं?"

"तो. काम करणारा."

"कसा होता दिसायला?"

अण्णांनी स्वतःच्या गालावरून हात फिरवला. "गुळगुळीत," ते म्हणाले.

तिने घरमालकाला फोन केला. तो खोकला आणि म्हणाला, "बघा, पाठवला की नाही माणूस? उगाच तक्रारी करता." दुसरी किल्ली त्याच्याकडे असायचीच, तेव्हा तिने मान डोलावली. फक्त एक गोष्ट तिला खुपत राहिली. अण्णा रोज टेकून बसायचे तिथे भिंतीवर त्यांच्या डोक्याच्या तेलाचा गोल डाग होता. तो ओलीपासून चांगला हातभर लांब होता, तरी तोही गेला होता. कॅलेंडरचा खिळा गेला होता, आणि खिळ्याचं भोकही.

माणसाला एकदा फुकटात मिळालं की हाव सुटते. तिने नळावर खडूने फुली मारली. कपडे पोचवून आली तो नळ गप्प. मग खिडकीवर मारली, मग दारावर. एकेक काम होत गेलं, नेहमी ती बाहेर असताना, नेहमी तोच वास मागे ठेवून. शेजारीण शपथेवर सांगायची, "मी दारातच निवडत बसले होते हो. तुमच्याकडे चिटपाखरू आलं नाही."

काम चोख होतं, हे कोणीही कबूल केलं असतं. तरी तिचं मन थाऱ्यावर नव्हतं. मशीनवर बसली की उठावंसं वाटायचं, उठली की कुठे जावं कळायचं नाही. दार आता करकरत नव्हतं, त्यामुळे अण्णांनी उठून दार उघडलं तरी तिला पत्ता लागायचा नाही. वर्षानुवर्षांच्या पावलांनी उंबरठा मधे झिजला होता, तो सरळ झाला होता. खिडकीच्या लाकडावर कोणा जुन्या भाडेकरूच्या पोराने कोरलेलं वेडंवाकडं जहाज होतं, ते नव्हतं. या घरात आजवर कोणी राहिलंच नाही, असं घर दिसायला लागलं होतं. एकदा तिने भिंतीला हात लावला आणि पटकन मागे घेतला. भिंत कोमट होती.

तिने पुन्हा फोन केला. "मला त्या माणसाशी बोलायचंय."

या वेळी तो खोकला नाही. "कोणत्या माणसाशी?"

"तुम्ही पाठवता त्या."

"आता खरं सांगू का," घरमालक हळूच म्हणाला, "मी अजून कोणालाच पाठवलेलं नाही. पण काम झालं ना? मग कशाला विषय वाढवता?" आणि त्याने फोन ठेवून दिला.

तिने त्याच दिवशी कुलूप बदललं. फडकं ओलं करून घरभर फिरली, कोपऱ्याकोपऱ्यातून खडूच्या खुणा शोधून पुसल्या. मोरीत राहिलेली एक लहानशी रेघसुद्धा नखाने खरवडून काढली. मग तिला जरा स्वस्थ वाटलं. त्या रात्री झोपही लागली.

सकाळी अण्णा खुशीत होते. त्यांचा एकुलता एक चांगला सदरा अंगावर लोंबत होता, इतके ते वाळले होते. तिने त्यांना खिडकीशी उभं केलं. "अण्णा, हलू नका."

"आम्ही लेथवर केसाएवढा फरक मोजायचो, शहाणे," ते म्हणाले आणि डावा हात नाचवला. त्या हाताची अर्धी करंगळी ते कारखान्यातच ठेवून आले होते, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ती दाखवायची त्यांना कोण हौस. "तू मला शिकव कसं उभं राहायचं ते."

ती हसली. दोन्ही खांद्यांवर आखलं, पाठीवर आखलं, बगलेखाली आत घ्यायच्या रेघा ओढून टाचण्या लावल्या. बटण सरकवायचं होतं म्हणून छातीवर एक फुली मारली. हात आपोआप चालत होते, जन्मभर चालत आले तसेच. शिवायला बसावं तर सदऱ्याच्या रंगाचं रीळ संपलेलं.

"इथेच बसा, सदरा काढू नका. टाचण्या टोचतील. मी आलेच कोपऱ्यावरून."

तिने कुलूप लावलं.

रिळांच्या दुकानात गर्दी नव्हती. दुकानदाराने तीन-चार छटा समोर मांडल्या. तिने एक रीळ उचलून उजेडात धरलं. पांढऱ्या दोऱ्यावर निळा डाग उमटला. तिने बोटांकडे पाहिलं.

रीळ तिथेच टाकून ती धावत सुटली.

कुलूप जसंच्या तसं होतं. किल्ली हातातून दोनदा पडली.

दार आवाज न करता उघडलं.

भिजल्या चुन्याचा वास.

अण्णा खिडकीशी उभे होते. ताठ. नेहमीसारखी मान हलत नव्हती, हात थरथरत नव्हते. सदरा अंगावर बेतून शिवल्यासारखा बसला होता. त्यावर एकही रेघ नव्हती, एकही टाचणी नव्हती.

"अण्णा!"

ते वळले. चेहरा त्यांचाच होता. फक्त कपाळावर आठी नव्हती, डोळ्यांशी सुरकुती नव्हती.

"या," ते अदबीने म्हणाले. "कोणाकडे आलात?"

"अण्णा, मी आहे. मी."

त्यांनी बसायची खूण करायला डावा हात पुढे केला. पाचही बोटं सारखी, पूर्ण. तळव्यावर एकही रेघ नव्हती.

तिला हुंदका आवरेना. पळून जायला हवं होतं, पण ते अण्णा होते. तिने त्यांच्या छातीवर डोकं टेकलं आणि लहानपणी रडायची तशी मोठ्याने रडली. मीच केलं हे, मीच केलं, असं म्हणत राहिली.

त्यांचा हात तिच्या डोक्यावर आला. वरून खाली फिरला. पुन्हा वरून खाली. एकसारखा दाब, एकसारखा वेग, गवंडी थापीने गिलावा सारखा करतो तसा. हात कोमट होता.

तिचं रडणं हळूहळू थांबलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला शांत वाटलं.

"कोणाकडे आलात?" त्यांनी पुन्हा विचारलं.

तिने सांगायला तोंड उघडलं, आणि तसंच उघडं ठेवून ती आठवत राहिली.