मोहिनी थिएटरची डावी बाजू

ही गोष्ट खरी आहे, हे मी शपथेवर सांगणार नाही. शपथा मी पूर्वी घेतल्यात, आणि त्यातली एक खोटी होती. त्या खोट्या शपथेचीच ही हकीकत आहे.

एवढंच बघा की रचून लिहायचं असतं, तर मी स्वतःला जरा बऱ्या जागी बसवलं असतं.

दिवस शनिवार, १६ नोव्हेंबर २०१९. वेळ दुपारी चारची. अमावस्या नाही, पाऊस नाही. बाहेर लख्ख ऊन. जागा पेडणे तालुक्यातलं आमचं गाव, हरमलच्या वाटेवर. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. हॉटेलवाल्यांनी माझं काही वाईट केलेलं नाही.

हॉटेल म्हणजे आमचं जुनं मोहिनी थिएटर.

पोर्तुगीजांच्या वेळी एका भाटकाराने, म्हणजे जमीनदाराने, ते बांधलं. गोवा मुक्त झाल्यावर तिथं नाटकं अशी रंगली की हळर्णहून लोक चालत यायचे, आणि नायिका बरी का खलनायक बरा यावर भांडत परत जायचे. मग सिनेमा आला. मग घरोघरी टीव्ही. मग दाराला कुलूप. पंचवीस वर्षं आत फक्त वटवाघळांचे प्रयोग.

शेवटी दिल्लीच्या एका बाईंनी ते विकत घेतलं. आता बाल्कनीत पाहुण्यांच्या खोल्या आहेत, खाली प्रेक्षक बसायचे तिथं जेवणाची टेबलं. रंगमंच मात्र त्यांनी मोडला नाही. त्यावर स्वागतकक्ष केला. म्हणजे कोणी पाहुणा आला की पहिल्यांदा त्याला स्टेजवर चढवतात. आमच्या गावात जन्म काढून ज्यांना तिथं पाय ठेवायला मिळाला नाही, अशी माणसं मी बघितली आहेत.

त्यातली एक मीच.

मी गावच्या वाचनालयात असते. शाळा सातवीत सुटली, पुढचं जे काय आलं ते तिथल्या कपाटांनी शिकवलं. म्हणून हॉटेलचा मॅनेजर रघुनाथ, आमच्या शेजारचाच, माझ्याकडे आला.

"सुमंगलमावशी, थिएटरचा इतिहास लिहून दे. फ्रेम करून भिंतीला लावायचाय. आणि उद्घाटनाला तूच वाचायचा."

"मी? माझा आवाज बारीक रे."

"माइक आहे मावशी. आणि दोन पानांच्या वर नको हां. लोकांना चहा प्यायचा असतो."

मी लिहिलं. सगळं खरं लिहिलं.

एक वाक्य सोडून.

ते वाक्य असं होतं. 'मोहिनीच्या रंगमंचावरची शेवटची गुणी अभिनेत्री शेवंती हिने आजारपणामुळे नाटक सोडले.'

शेवंती आजारी नव्हती.

आता १९८६ सालात चला. माघाचा महिना, रथसप्तमीच्या आधीचे दिवस. आमच्या महिला मंडळाचं हळदीकुंकू मोहिनीत व्हायचं, आणि त्यात बायकांनी बायकांसाठी केलेलं नाटक असायचं. ते दुपारी तीनला सुरू. तिनसांजेला दिवा लावायला सगळ्या घरी पोचल्या पाहिजेत ना. पुरुषांना आत बंदी. मिश्या लावून सासराही बाईच व्हायची.

नाटक सुलोचनाकाकींनी लिहिलेलं. मंडळाच्या अध्यक्ष त्याच, दिग्दर्शकही त्याच. अक्षर त्यांचं कोंबडीच्या पायासारखं, म्हणून सगळ्यांच्या नकला मी उतरवून काढल्या. मी सतरा वर्षांची. उतरवता उतरवता अख्खं नाटक मला पाठ झालं. मला वाटलं, नायिकेचं काम मलाच मिळणार.

काकी म्हणाल्या, "तुझा आवाज मागच्या बाकापर्यंत जायचा नाही गो. तू आत बस. प्रॉम्प्टिंग कर."

काम शेवंतीला मिळालं.

शेवंतीची आई यशोदा सावंतवाडीकडची. आधी डिचोलीच्या खाणीवर कामाला होती, मग आमच्याकडे शेतावर आली. शेवंतीला अक्षरओळख नव्हती. पण तिने तोंड उघडलं की मागच्या बाकावरची तान्ही पोरंसुद्धा रडायची थांबत.

तिला वाचता येत नसल्यामुळे तिचं काम मीच तिला शिकवलं. महिनाभर, रोज, आमच्या पडवीत. मी एक वाक्य म्हणायची, ती माझ्यामागून म्हणायची. माझ्या तोंडून निघालेलं वाक्य तिच्या तोंडात गेलं की वेगळंच व्हायचं. सोन्याचं.

ते मला आवडायचंही. आणि सहनही व्हायचं नाही.

नाटकाच्या आदल्या दिवशी मी तिला विचारलं, "भीती वाटते काय गो?"

ती हसली. "तू आसस मा डाव्या बाजूक. मगे माका कसला भंय?"

प्रॉम्प्टरची जागा स्टेजच्या डाव्या विंगेत होती. एक लाकडी स्टूल, आणि उजेड यायला भिंतीत एक झरोका. या कामाचा नियम साधा. नट थांबला की मनात दोन आकडे मोजायचे. तरी गप्प असेल तर वाक्याचे पहिले दोन शब्द द्यायचे. दोनच. पुढचं त्याला आपोआप आठवतं.

तिसरा अंक. नायिका पंचांसमोर उभी आहे. शेवंती इतकं सुंदर बोलत होती की पुढच्या कदेलींवर बसलेल्या बायका पदराने डोळे पुसत होत्या. मला आतून ऐकू आलं, कोणीतरी म्हणालं, "पोर कोणाची गो ही? काय सोन्याची जीभ!"

आणि शेवंती थांबली.

वाक्य होतं, 'तो दिवा मीच लावला होता.' मला द्यायचे होते दोन शब्द. 'तो दिवा.'

एक.

दोन.

मी दिले नाहीत.

शेवंतीने मान वळवून डावीकडे बघितलं.

मी मांडीवरची वही मिटली.

आजपर्यंत मी स्वतःला सांगत आले की मला फक्त एक क्षण हवा होता. तिचंही अडतं, हे लोकांना दिसू दे, मग देणारच होते, पण तोवर उशीर झाला. खरं सांगू? उशीर झाला नव्हता. ती बराच वेळ उभी होती. माझ्याकडे बघत. एखाद्या पोराने आईकडे बघावं तशी.

मग मागून कोणीतरी हसलं. मग सगळ्याच हसल्या. "अडाण्याच्या गळ्यात रत्नहार!" असं कोणी ओरडलं. शेवंती स्टेजवरून उतरली ती रंगलेल्या तोंडानेच घरी गेली.

सुलोचनाकाकी माझ्यावर धावून आल्या. "तू सांगितलंस ना गो तिला?"

मी म्हटलं, "देवाशप्पथ सांगितलं. तिला ऐकू गेलं नसेल. माझा आवाज बारीक ना, काकी."

काकी मागे फिरल्या. त्यांचंच वाक्य मी त्यांना परत दिलं होतं.

शेवंतीने कोणाला काही सांगितलं नाही. तिला वाचता येत नव्हतं, पण मिटलेली वही कोणालाही ओळखता येते.

पुढच्या वर्षी तिचं लग्न दोडामार्गाकडे झालं. चार वर्षांनी बाळंतपणात गेली. तुयेच्या बसथांब्यावर यशोदा मला भेटली तेव्हा म्हणाली, "त्या दिसापासून माझा चेडू बोलाचाच बंद झाला गो. कोणी काय विचारला की डावीकडे बघी. कोणतरी सांगतला म्हणान थांबी. बाळंतपणात सुईण विचारी, खंय दुखता? तेवाय डावीकडे बघी..."

एवढं बोलून यशोदेने मला मिठी मारली. म्हणाली, "तुझी लय याद काढी हां ती. तू शिकवलंस ना तिका."

माझी बस आली. मी चढले.

आता परत २०१९.

उद्घाटनाच्या दोन दिवस आधी रघुनाथने मला हॉटेल दाखवायला नेलं. सकाळचे अकरा. स्टेजवर काउंटरमागे दोन मुली उभ्या होत्या, दोघी बाहेरगावच्या, नुकत्याच कामाला लागलेल्या. मी सहज एकीला विचारलं, "कुठली गो तू?"

तिने तोंड उघडलं...

आणि थांबली.

मग तिने डावीकडे बघितलं.

मला वाटलं, रघुनाथकडे बघते. पण रघुनाथ उजवीकडे होता.

"यांचं हे असंच," रघुनाथ हसला. "ट्रेनिंगमध्ये पोपटासारख्या बोलत होत्या. इथं उभ्या केल्या की मध्येच अडकतात. आणि सगळ्या तिकडेच बघतात. एसीचा वारा लागत असेल."

डाव्या विंगेला आता दार लावलं होतं.

"आत काय आहे रे?"

"टॉवेल. आणि तुझं ते स्टूल. जुनं म्हणून ठेवलंय, पितळी पाटी करणार आहोत."

मी दाराजवळ गेले. दार बंद होतं. आतून आवाज आला...

पान उलटल्याचा.

बोट ओलं करून पान उलटतात ना, तसा. बारीक.

"आत कोण आहे?"

रघुनाथने दार उघडलं. पांढऱ्या टॉवेलांच्या चळती. स्टूल. बाकी कोणी नाही. आत कागदाचा एक चिटोराही नव्हता. झरोकासुद्धा त्यांनी बुजवला होता.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. शिवदास म्हणाले, "कानांत तेल घाल." तीस वर्षं प्रत्येक रोगावर त्यांचं हेच औषध आहे. मी घातलं.

मग तो शनिवार. चार वाजले. खाली टेबलांवर पाहुणे, दिल्लीच्या बाई, आमचे सरपंच. मी स्टेजच्या मधोमध उभी. म्हटलं ना, जन्मात पहिल्यांदा. हातात दोन पानं. माझ्याच अक्षरातली.

वाचायला लागले. आवाज माइकमधून थेट मागच्या भिंतीपर्यंत जात होता. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

भाटकार झाला. मुक्ती झाली. नाटकं झाली. मग ते वाक्य आलं.

'मोहिनीच्या रंगमंचावरची शेवटची गुणी अभिनेत्री शेवंती हिने...'

पुढे अक्षरं होती. दिसत होती. पण ती मला लागेनात. तेव्हा पडवीत शेवंती माझ्या वहीकडे बघायची आणि म्हणायची, "माका सगळ्यो मुंग्योच दिसतत." तशा मुंग्या.

मी थांबले.

सगळं गप्प झालं. पंख्याचा आवाज नाही, कपबशांचा नाही. खाली ती माणसं, माझ्याकडे तोंडं करून.

आणि मी... डावीकडे बघितलं.

मला बघायचं नव्हतं. मान आपोआप वळली.

टॉवेलांच्या खोलीचं दार वीतभर उघडं होतं. आत अंधार.

मी मनात मोजलं नाही. पण कोणीतरी मोजलं.

एक.

दोन.

मग आतून आवाज आला. कुजबुज. फक्त नटाला ऐकू जाईल आणि पहिल्या रांगेला जाणार नाही, अशी. तशी कुजबुज पडवीत बसून मीच तिला करून दाखवली होती.

"मी वही..."

दोनच शब्द.

पुढचा शब्द माझ्या ओठांवर आपोआप आला. मिटली. मी वही मिटली. जगात हे कोणालाही माहीत नव्हतं. मला आणि तिलाच.

त्या आवाजात राग असता तर मी तिथंच कोसळले असते, आणि बरं झालं असतं. राग नव्हता. घाई होती, काळजी होती. समोरच्याचं अडलंय, त्याची फजिती व्हायला नको, अशी प्रॉम्प्टरला असते ना तेवढीच.

मी तिला जे दिलं नव्हतं, ते ती मला देत होती.

मी तोंड उघडलं.

आणि म्हणाले, "...आजारपणामुळे नाटक सोडले."

टाळ्या झाल्या. चहा झाला. सरपंच म्हणाले, "सुमंगलबाई, शेवंतीच्या नावाला तुम्ही गहिवरलात ते फार छान वाटलं."

मी दाराकडे बघितलं. ते लागलेलं होतं.

त्यानंतर रघुनाथला मी दोनदा म्हटलं, फ्रेममधलं ते वाक्य बदल. तो म्हणाला, "मावशी, फ्रेम सागवानी आहे, आणि आजारपण वाचून कोणाचं काय बिघडतंय?"

कोणाचं काही बिघडत नाही. मात्र मला आता कुठंही थांबायची सोय राहिली नाही. बाजारात माशाचं नाव आठवेना, वाचनालयात कोणाचं पुस्तक कुठलं ते आठवेना, की डाव्या कानाशी तेच दोन शब्द. हळू. न कंटाळता. म्हणून मी हल्ली न थांबता बोलते. शिवदास म्हणतात, म्हातारपणी तुला वाचा फुटली.

काल रात्री जेवल्यावर मी ठरवलं की लिहून टाकायचं. तिथं स्टेजवर बोलले नाही, निदान इथं. तर हे वाक्य, पूर्ण.

मी वही मिटली. शेवंतीला सगळं येत होतं. मी वही मिटली.

आज सकाळी हे लिहून झालं. घर शांत होतं. शिवदास पाव आणायला गेले होते. मी पेन ठेवलं आणि वाट बघितली. कुजबुज नाही. कानाशी काहीच नाही. कितीतरी वर्षांनी मी बोलता बोलता थांबल्यासारखी स्वस्थ बसले.

मला वाटलं, सुटले.

पण मी प्रॉम्प्टर होते. मला हे काम माहीत आहे. नटाने वाक्य म्हटलं म्हणून प्रॉम्प्टर उठून जात नाही. त्याचं बोट पुढच्या ओळीवर जातं.

माझ्या डाव्या बाजूला, जिथं नुसती भिंत आहे, तिथं...

बोट ओलं करून कोणीतरी पान उलटलं.

शेवंतीला वाचायला कोणी शिकवलं, मला माहीत नाही. आणि पुढची ओळ काय आहे, तेही माहीत नाही.