धरलेली जागा

तसं पाहिलं तर गोष्ट साधीच होती. चष्म्याच्या दुकानात दिवसभर काचा घासून मान मोडून यायची. संध्याकाळची बस पहिल्या थांब्यावरच पकडायची, खिडकी गाठायची आणि शेजारी पिशवी ठेवायची. कोणी विचारलं की उत्तर ठरलेलं, "जागा धरलीय. आमचे मिस्टर येताहेत."

मिस्टर घरी पुस्तकांची बांधणी करत बसलेले असायचे. माझं हे बोलणं त्यांच्या कानावर गेलं असतं, तर लाजेनं मान खाली गेली असती त्यांची. बसमध्ये कोणी उभं दिसलं की ह्यांच्या सीटला काटे फुटायचे.

एके दिवशी दाट धुकं पडलं होतं. बस गच्च भरली. सगळ्यात शेवटी एक म्हातारे गृहस्थ चढले. हातात एक्स-रेचं मोठं पाकीट, अंगाला औषधांचा वास.

"ताई, इथे कोणी...?"

"मिस्टर येताहेत."

"बरं," म्हणाले, आणि वरची दांडी धरून उभे राहिले.

बस सुटली. आता मिस्टर कुठून येणार? मी झोपेचं सोंग घेतलं. दर वळणाला ते पाकीट माझ्या खांद्याला लागायचं आणि वरून हळू आवाज यायचा, "माफ करा हं." तासभर हेच. उतरताना ते माझ्याकडे वाकले. "आले नाहीत वाटतं तुमचे मिस्टर... येतील. जागा धरली की माणूस येतोच."

दुसऱ्या दिवशी कंडक्टरनं सांगितलं. थांब्यावरच्या बाकावर ते बसले, ते पुन्हा उठलेच नाहीत.

मी सवयीनं पिशवी शेजारी ठेवली. थोड्या वेळानं बघते तर ती माझ्या मांडीवर. मी उचललेली आठवत नव्हती. तेवढ्यात एक बाई माझ्यापाशी आली, शेजारच्या सीटकडे बघून दचकली, "माफ करा, दिसलं नाही मला," म्हणाली आणि मागे सरकली.

सीट रिकामी होती. पण त्या बाजूचा माझा दंड गार पडत चालला होता. वास येत होता ओल्या लोकरीचा. त्या म्हाताऱ्यांचा नव्हता तो. तो दुसऱ्याच कुणाचा होता.

चार दिवस असं चाललं. पाचव्या दिवशी मी ह्यांच्यापुढे रडत रडत सगळं सांगितलं. ह्यांनी डिंकाचा ब्रश धुऊन ठेवला आणि म्हणाले, "खोटं बोललीस, ते वाईट केलंस. उद्या मी येतो. मी बसतो त्या जागेवर. म्हणजे खोट्याचं खरं होईल."

आले. दुकानापर्यंत मला घ्यायला आले. बसमध्ये मी खिडकीपाशी सरकले. हे बसायला वाकले, तेवढ्यात कंडक्टर म्हणाला, "अहो काका, बघून! ताईंचे मिस्टर बसलेत ना तिथे."

हे तसेच वाकलेले राहिले. सीटकडे बघत. चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. मग सावकाश सरळ झाले आणि फार अदबीनं म्हणाले, "बसा... बसा तुम्ही. मी उभा राहतो."

"अहो, काय दिसलं तुम्हाला?" मी विचारलं. त्यांनी एका हातानं वरची दांडी घट्ट धरली.

मी उठून उभी राहिले, ह्यांचा दुसरा हात धरला. पूर्ण रस्ताभर सोडला नाही. घरी पोहोचलो तेव्हा वाटलं, सुटलो.

मी ह्यांची खुर्ची पुढे ओढली. हे दारापाशीच थांबले, खुर्चीकडे बघत.

"बसा ना," मी म्हटलं.

ते कानाशी येऊन कुजबुजले, "अगं, आलेल्या माणसाला ऊठ कसं म्हणायचं...?"

तेव्हापासून मी त्या बसनं गेले नाही. कुठेही बसले तरी पिशवी मांडीवरच ठेवते. विचारलं नाही तरी उठून जागा देते. काही उपयोग झाला नाही. आमचे हे बसत नाहीत. जेवतात उभ्यानं, बांधणी करतात उभ्यानं. डोळा लागतो तोही भिंतीला टेकून.

आत्ताही ते तिथे खिडकीशी उभे आहेत. एक हात वर, मूठ घट्ट. बघा... मधूनच एका अंगाला झुकतात, वळण आल्यासारखे.

त्यांचं मी समजून घेईन हो. पण ते झुकले की टेबलावरच्या पेल्यातलं पाणीही त्याच बाजूला कलतं.