दहा बावन्नची शेवटची हाक

ती आली तेव्हा भर दुपारचे बारा वाजले होते. तीन जिने धावत चढल्याने तिला श्वास पुरत नव्हता, आणि मुठीत घट्ट धरलेल्या नव्या फोनच्या काचेवरचा पातळ पापुद्राही अजून निघालेला नव्हता.

"वहिनी म्हणतात त्या तुम्हीच का?" तिने दारातूनच विचारले.

"मला वहिनी म्हणायचा हक्क फक्त यांचा," खुर्चीत रेललेल्या दिराकडे बोट दाखवत त्या म्हणाल्या. "बाकीच्यांनी ती सवय यांच्याकडून उचलली. ये, बस."

खासगी तपासाचा व्यवसाय बाईंचा होता. मदतनिसाचा मान भावोजींनी स्वतःच घेतला होता. आयुष्यभर भूमिती शिकवलेल्या या गृहस्थांना प्रत्येक प्रकरणाचे उत्तर पहिल्या पाच मिनिटांत सापडे. ते चुकीचे निघाले की वहिनींची निम्मी वाट मोकळी होई, असे त्या कौतुकाने सांगत.

पाहुणी अभियंता होती. तिची कंपनी लहान, पण तिथे बनत होती एक अजब वस्तू: तळहाताएवढी पेटी. ती मोटारीच्या डॅशबोर्डच्या फळीखाली बसवली की मोटारीला जणू वाचा फुटे. मालकाचा फोनच किल्ली बने, इंजिनातली कुरबूर मालकाआधी दुरुस्तीवाल्याला कळे. एका मोठ्या मोटार कारखान्याची मंडळी ती पाहायला चार वाजता येणार होती. त्यांना पटली, तर त्यांच्या प्रत्येक नव्या गाडीत ती बसणार होती.

तयार पेटी एकच होती, तळघरातल्या चाचणीच्या गाडीत. साडेअकराला ती जागेवर नव्हती.

"आणि गाडीच्या नोंदीत लिहिलंय की दहा चव्वेचाळीसला दार माझ्या किल्लीने उघडलं," ती म्हणाली. "माझा फोन तेव्हा माझ्या कानाला होता. मी तिसऱ्या मजल्यावर, बाबांशी बोलत होते. कंपनीच्या मालकांनी चारपर्यंतची मुदत दिलीय. पेटी मिळाली नाही तर पोलिसांत माझं नाव जाईल, आणि या कामाला मला पुन्हा कुणी हात लावू देणार नाही."

शेवटच्या शब्दांवर तिचा आवाज हलला. वहिनींनी ते टिपले. पोलिसांच्या नावाने तो हलला नव्हता.

खोदून विचारल्यावर तिने सांगितले. तीन वर्षांपूर्वी तिच्या वडिलांची गाडी घळीत कोसळली होती. फोन हातातून उडालेला, रस्ता वर, आणि हाक कुणाला ऐकू जाईना. साडेचार तास ते तिथे पडून होते. जीव वाचला, एक पाय गेला. ही पेटी तिने त्या साडेचार तासांसाठी बनवली होती. गेल्याच आठवड्यात तिने पेटीच्या पोटात एक छोटा सेल बसवला, म्हणजे धडकेत गाडीची वायर तुटली तरी पेटी स्वतःच्या बळावर दर अर्ध्या मिनिटाला मदतीची हाक देत राहील. आठवडाभर कार्यालयात तिची थट्टा चालली होती. मेल्यावरही बडबडणारी पेटी, असे तिचे बारसेही झाले होते.

"मग ती आता का बडबडत नाही?" भावोजींनी विचारले.

"माझ्या पडद्यावर तिची शेवटची हाक दहा बावन्नची आहे. त्यानंतर काहीच नाही."

"म्हणजे दहा बावन्नला फोडली," भावोजी म्हणाले, आणि तिचा चेहरा पाहून लगेच ओशाळले.

वहिनी उठल्या. पायांत चपला सरकवताना त्यांच्या डोळ्यांत ती चमक आली होती, जी पाहिली की भावोजी निमूटपणे छत्री, चष्मा आणि स्वतःचे मत, तिन्ही गोळा करत.

तळघर थंडगार होते. खांबांच्या रांगेत चाचणीची गाडी उभी होती, आणि फळीखाली पेटीच्या जागी एक चौकोनी काळोख. वायर कापलेली नव्हती. हळुवार सोडवलेली होती. चार स्क्रू आसनावर एका ओळीत मांडून ठेवलेले.

चाचणीचा चालक जाडजूड आणि करवादलेला होता. साडेदहाला गाडी लावून तो फाटकाशी रखवालदाराबरोबर चहा पीत बसला होता. रखवालदार बाहेर जाणाऱ्याची पिशवीच काय, डबासुद्धा उघडून पाहतो, त्यामुळे पेटी इमारतीबाहेर गेलेली नाही, हे त्याने शपथेवर सांगितले. बोलता बोलता त्याचा फोन वाजला.

"बघा," तो वैतागून म्हणाला. "दोन मजले जमिनीखाली आलो तरी हिचा फोन लागतोच. माळ्यावर जा, लिफ्टमध्ये जा, कुठेही जा. या इमारतीत नवऱ्याला लपायला जागा नाही, बाई."

वहिनी हसल्या. मग त्यांनी मागच्या अरुंद जिन्याकडे पाहिले. तो थेट चाचणी विभागात जातो, असे चालकाने सांगितले.

"हाच," जिना चढताना भावोजी कुजबुजले. "गाडी याच्या ताब्यात, जागा याची."

"भावोजी, या माणसाने साडेदहाला गाडी लावली तेव्हा ती उघडीच होती. चोरी करायला त्याला किल्लीची काय गरज?"

भावोजींनी पुढच्या चार पायऱ्या मोजत काढल्या.

विक्रीप्रमुख वाऱ्यासारखे बोलत. दहा ते अकरा ते चार वाजता येणाऱ्या पाहुण्यांशीच फोनवर होते, आणि स्वागतकक्षातल्या बाईंनी काचेपलीकडून त्यांना तासभर हातवारे करताना पाहिले होते. आता मात्र ते निर्धास्त दिसत होते. चाचणी विभागाच्या परीक्षकांनी स्वतःची जुनी पेटी दाखवायला देऊ केली होती, दोन वर्षांपूर्वी हिच्या पेटीसाठी बाजूला सारलेली. बिचारे पाठदुखीच्या पंधरा दिवसांच्या रजेवरून आज सकाळीच कामावर आले, आणि आल्या आल्या मदतीला उभे राहिले, असे म्हणताना त्यांना गहिवरून आले. मग ते हरवलेल्या पेटीच्या गुणांवर घसरले. ती कुठल्याही फोनशी बोलते. गिऱ्हाइकांचे फोन नवे थोडेच असतात? म्हणून तर कंपनी सगळ्यांचे टाकलेले फोन मागून घेते आणि त्यांच्यावर चाचण्या करते.

"ते फोन कुठे असतात?" वहिनींनी विचारले.

बोळातल्या एका खणात. खणाला कुलूप नव्हते. तेवीस फोन आत धूळ पांघरून निजले होते. भावोजी एकेकाचे बटण दाबत गेले, आणि एकामागून एक काळी काच पाहत गेले. सतरावा, पोपटी वेष्टनातला, मात्र लख्ख जागा झाला. त्याच्यावर धूळही नव्हती.

"हा माझा," अभियंता चकित होऊन म्हणाली. "गेल्या महिन्यात नवा घेतला तेव्हा मीच इथे टाकला."

वहिनींनी तो उचलला, उलटा केला, आणि जणू एखादे लहान मूल निजवावे तसा परत ठेवला.

परीक्षक बहिऱ्या खोलीपाशी भेटले. कार्यालयात तिला सारे याच नावाने ओळखत. सहाही बाजूंनी पोलादाचे पत्रे, आतून राखाडी स्पंजचे हजारो सुळके, आणि तिजोरीसारखे जड दार. बाहेरची एकही रेडिओ लहर आत येत नसे, आतली बाहेर जात नसे. आत उभे राहिले की आपलाच श्वास परक्यासारखा ऐकू येई.

भावोजी उंबरठ्यावर रेंगाळले. त्यांना दटावणारा परीक्षकांचा आवाज मात्र मऊ होता. "दार लावून घ्या, गुरुजी. फटभर उघडं राहिलं तरी बाहेरचा सगळा कल्लोळ आत शिरतो आणि मापाची रेषा उसळते."

दार लागले. भावोजींच्या फोनवरच्या चारही काड्या विझल्या.

परीक्षक अदबीने बोलत होते. दहा ते साडेअकरा ते याच खोलीत होते. आत बसून एका अँटेनाची दिशा हाताने थोडी थोडी बदलायची, आणि बाहेरच्या यंत्राने सलग मोजत राहायचे, अशी ती चाचणी. दार एकदाही उघडले नव्हते. त्यांनी अहवालाचे पहिले पान पुढे केले: आरंभ दहा वाजता, शेवट साडेअकरा वाजता, खंड नाही.

"पुढची पानं?"

"नुसत्या रेषा आहेत, बाई. त्या कुणी पाहत नाही."

"खरंच," वहिनी म्हणाल्या. "उगाच कोण पाहील?"

पाच मिनिटांनी त्या अभियंतेच्या टेबलाशी बसून नेमक्या त्याच रेषा पाहत होत्या. चाचणी विभागाची मापे सामायिक संगणकावर आपोआप जमा होत.

"भावोजी, तुमची भूमिती काय म्हणते?"

भावोजींनी चष्मा पुसला. "आधी सपाट माळ. दहा त्रेचाळीसला एक शिखर, दहा बावन्नला दुसरं. पुढे बारीक काटे. अंतर अगदी सारखं. कुंपणाच्या तारेसारखं."

वहिनींनी खुर्ची मागे सरकवली. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून वीस मिनिटे झाली होती.

"मालकांना बोलाव. सगळ्यांना बोलाव. आणि तुझा तो पडदा उचलून बोळात आण."

बहिऱ्या खोलीच्या बंद दारासमोर सारे जमले. पडद्यावर पेटीच्या नावापुढे एक करडा ठिपका होता आणि वेळ होती, दहा बावन्न. मालक सारखे घड्याळ पाहत होते. अभियंता भिंतीला टेकून उभी होती, हात मागे घट्ट बांधलेले.

"पहिला प्रश्न किल्लीचा," वहिनींनी सुरुवात केली. "गाडी नाव ओळखते, फोन नवा की जुना हे तिला कुणी सांगितलेलंच नाही. मुलीने जुना फोन खणात टाकला, पण त्यातली किल्ली काढली नाही. तेवीस फोनांत तोच एक जिवंत आहे. कुणीतरी तो चार्ज केला, गाडीपाशी नेला आणि परत ठेवला. पण खण उघडा आहे, म्हणजे तो कुणालाही नेता आला असता."

"मग चोर कसा कळणार?" मालकांनी विचारले.

"पेटीवरून. ती इमारतीतून बाहेर गेली नाही, आणि दहा बावन्नला गप्प झाली. आमचे भावोजी म्हणाले, फोडली. पण जो माणूस सोडवलेले स्क्रू ओळीत मांडून ठेवतो, तो यंत्र फोडत नाही. त्याचा हातच धजावणार नाही. मग न फुटलेली पेटी गप्प का? तळघरात फोन लागतो, लिफ्टमध्ये लागतो. चालकांनी बिचाऱ्यांनी सगळी इमारत धुंडाळून पाहिली आहे. एकच जागा त्यांना सुचली नाही."

सर्वांच्या नजरा एकदम त्या जड दाराकडे वळल्या. परीक्षकांचा हात नकळत कडीवर गेला, आणि तिथेच थांबला.

"दार उघडलं की रेषा उसळते, हे तुम्हीच सांगितलंत," वहिनी त्यांच्याकडे वळून म्हणाल्या. "ती दोनदा उसळली आहे. दहा त्रेचाळीसला तुम्ही बाहेर पडून मागच्या जिन्याने उतरलात. दहा बावन्नला परत आलात. साक्षीला म्हणून यंत्र चालू ठेवून गेलात, आणि त्याने तुमचं जाणं-येणं इमानाने मोजलं."

"दार नीट बसत नाही कधी कधी," परीक्षक म्हणाले. त्यांचा आवाज अजून मऊच होता. "दोन उसळ्यांवरून माणूस चोर ठरतो?"

"नाही. म्हणून काटे पाहायचे. पहिल्या उसळीआधी एकही नाही. दुसरीनंतर शेवटपर्यंत, दर अर्ध्या मिनिटाला एक." त्या क्षणभर थांबल्या. "वायर सोडवली की पेटी मेली, असं तुम्ही समजलात. पंधरा दिवसांपूर्वी ते खरंही होतं. पण तुम्ही रजेवर असताना या मुलीने तिच्यात सेल बसवला. इथे जे जे हजर होते ते सगळे त्यावर हसले होते. हसायला नव्हतात, असे तुम्ही एकटेच."

परीक्षकांचा चेहरा त्या स्पंजसारखा राखाडी झाला.

"दार उघडा, भावोजी. या वेळी सताड. मघापासून ते उघडलं ते दोन हाकांच्या मधल्या क्षणापुरतंच."

भावोजींनी दोन्ही हातांनी दार ओढले. पडद्यावरचा ठिपका करडाच होता. दहा सेकंद. वीस. मालकांनी तोंड उघडले, आणि वहिनींनी बोट ओठांवर ठेवले.

ठिपका हिरवा झाला.

त्याखाली ओळ उमटली: मी इथे आहे. वायर तुटली आहे. मदत पाठवा.

अभियंता आत धावली. डाव्या भिंतीच्या तिसऱ्या रांगेतले सुळके किंचित पुढे आलेले होते. त्यांच्यामागून तिने पेटी काढली आणि दोन्ही हातांत धरून तशीच उभी राहिली.

परीक्षक खाली बसले. दोन वर्षे आपली पेटी फडताळात पडून होती, ती एकदा, फक्त एकदा पाहुण्यांनी पाहावी एवढेच त्यांना हवे होते, असे ते जमिनीकडे पाहत सांगत राहिले. हिची नंतर परत ठेवणारच होतो, म्हणाले. मालकांनी त्यांना हाताला धरून उठवले आणि आपल्या खोलीत नेले. जाताना अभियंतेपाशी मालक घुटमळले. चार वाजता पाहुण्यांसमोर तूच बोल, एवढेच म्हणाले.

चालक जिन्याकडे पळाला होता, गाडी तयार करायला. बोळात तिघेच उरले. पडद्यावर हिरवा ठिपका थबकत, पुन्हा उजळत होता.

भावोजी बराच वेळ त्या पेटीकडे पाहत होते. आज त्यांची दोन उत्तरे चुकली होती, पण त्याचे त्यांना काही वाटत नसावे.

"एक विचारू का, बाळ? कुणी दार उघडलंच नसतं, तर ही किती वेळ अशी हाका मारत राहिली असती?"

"नऊ तास," ती म्हणाली. "बाबांना साडेचार लागले होते. मी दुप्पट धरले."