त्रुटींची पूर्तता

घराला साधा ओटा काढायचा झाला तरी परवानगी लागते, हे आमच्या सोलापूरच्या माणसाला शेजाऱ्याने ओटा काढला की आठवतं. स्वतः काढताना आठवत नाही. बांधकाम परवानगीच्या खात्यात मी एकोणीस वर्षं ओव्हरसियर होतो, आणि तेवढ्या वर्षांत माणसांबद्दलचं माझं मत सुधारावं असं काही माझ्या टेबलावर आलं नाही. नकाशात मोरी दाखवतात आणि स्वयंपाकघर उठवतात. पत्र्याची शेड म्हणतात आणि वर माडी चढवतात. पकडलं की हात जोडून सांगतात, साहेब, हे आधीपासूनच होतं. खोटं बोलण्यातही काही कष्ट घ्यावेत, तर तेही नाही.

गोष्ट १९७४ सालची. होटगी रस्त्याच्या अंगाला, रुळांच्या पलीकडे काळ्या रानात नवी वसाहत पडली होती. घरं थोडी, कुसळं फार. तिथून मल्लप्पा नावाच्या एका किराणा दुकानदाराचा तक्रारअर्ज आला. तीन पानी. शेजारच्या धोंडीरामने घराला लागून विनापरवाना खोली बांधायला काढली आहे, सबब कायदेशीर कारवाई व्हावी. मल्लप्पाचा स्वतःचा जिना नकाशापेक्षा दोन फूट बाहेर आला होता, ते मला तिथे गेल्यावर दिसलं. तक्रार करणारे बहुधा असेच असतात.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात मी गेलो. बरोबर आमचा शिपाई धुळा होता. पन्नाशीचा, अबोल माणूस. टेपचं दुसरं टोक धरायचं आणि नोटीस चिकटवायची, एवढं त्याचं काम.

धोंडीराम नातेपुत्याकडचा. गिरणीत रंगखात्यात होता, रात्रपाळी करून नुकताच आलेला. दोन खोल्यांचं पांढरं घर, आणि त्याच्या पूर्वेच्या भिंतीला लागून कमरेइतक्या उंच तीन भिंती. दहा फूट बाय आठ. जागा त्याचीच होती, कडेने अंतरही पुरेसं सुटत होतं. परवानगी तेवढी नव्हती.

"आमी न्हाय बांधली, साहेब," धोंडीराम म्हणाला.

मी विचारलं, मग कोणी बांधली.

"ठावं न्हाय. सकाळी कामावरनं आलो तर हुती."

एकोणीस वर्षांत हे कारण मात्र नवीन होतं. मी धुळाकडे पाहून हसलो. धुळा हसला नाही. तो खाली जमिनीकडे बघत होता. मग मीही पाहिलं. कुठे वाळूचा ढीग नव्हता, विटांचे तुकडे नव्हते, चुना सांडल्याचा डाग नव्हता. भिंतीच्या कडेने कुसळं तशीच उभी होती, एकसुद्धा तुडवलेलं नव्हतं. आणि भिंती जुन्या होत्या. विटांचे कोपरे झिजलेले. आतल्या गिलाव्यावर, बसलेल्या माणसाचं डोकं टेकेल एवढ्या उंचीवर, तेलकट पिवळा डाग होता. वर्षानुवर्षं कोणी तिथे पाठ टेकून बसत असावं, तसा.

कुठल्या तरी पाडलेल्या घराचा माल आणून रचला असेल, असं मी ठरवलं. तसं ठरवलं की पुढचं सोपं जातं.

नोटीस मी तिथेच, गुडघ्यावर फाइल ठेवून लिहिली. लिहिताना मला मजा येत होती, हे कबूल करतो. सदर बांधकामाची उंची नऊ फुटांपेक्षा कमी आहे. त्यास छप्पर नाही, दार नाही, खिडकी नाही. सबब त्यास खोली म्हणता येत नाही. त्रुटींची पूर्तता आठ दिवसांत करावी. धोंडीराम ती घेईना; जे आपण केलंच नाही त्याचा कागद कशाला घ्यायचा, असं त्याचं म्हणणं. मग धुळाने खळ लावून ती त्या भिंतीवरच चिकटवली.

आठ दिवसांनी परत गेलो, तेव्हा खोली पुरी झाली होती.

मी टेप लावला. उंची नऊ फूट. वर गंजलेले पत्रे. सागवानी दार, उंबरा मधोमध झिजून खोलगट झालेला. एक खिडकी. खिडकीचं माप जमिनीच्या मापाचा दहावा हिस्सा हवं असा नियम होता. मी दोनदा मोजली, कागदावर गुणाकार केला. बरोबर दहावा हिस्सा, ना बोट कमी ना बोट जास्त. सबंध नोकरीत मी एकही बांधकाम नियमाला इतकं तंतोतंत पाहिलं नव्हतं. माणसाच्या हातून तसं होत नाही. पहिल्यांदा मला बरं वाटेनासं झालं ते त्या दहाव्या हिश्शाने.

आत गेलो. बाहेर मार्चचं ऊन पत्र्यावर नुसतं तडतडत होतं, पण आत गार होतं. जमीन शेणाने सारवलेली, अजून ओलसर. नुकती चूल विझवल्यावर येतो तसा वास. चूल नव्हती. धुळाला टेप धरायला आत बोलावलं, तर तो उंबऱ्याबाहेरूनच धरतो म्हणाला. त्याच्यावर मी ओरडलो. त्याने टेप खाली ठेवला आणि रस्त्यावर जाऊन उभा राहिला.

धोंडीराम या वेळी जरा खुशीत होता. फुकटची खोली आली आहे तर राहू दे, मी दंडाचं वगैरे काही असेल ते बघून घेतो, असं त्याचं चाललं होतं. हीच ती जात, मला वाटलं. आभाळातून पडलं तरी ओंजळ धरून उभी.

त्याची बायको गोजरबाई मात्र मला बाजूला घेऊन गेली. उंच, हाडकुळी बाई. डोक्यावरचा पदर दातांत धरून बोलत होती.

"साहेब, तुमी लिवताय आन ती खोली करतीया," ती म्हणाली. "मी बगितलंय. भरदुपारी मी धुणं वाळत घालत हुते. भित माज्या कमरंला हुती. एक लुगडं पिळून मागं वळले, तर डोस्क्याच्या वर. आवाज न्हाय, धूळ न्हाय. आता कायबी लिवू नका. तसंच माघारी जावा."

मी तिला सुनावलं. सरकारी माणसाला असल्या गोष्टी सांगून नोटीस टळत नाही, आणि नवऱ्याने रातोरात गवंडी लावले असतील ते त्यालाच विचार, असं म्हणालो. वाद घातला नाही तिने. माझ्याकडे तिने ज्या नजरेने पाहिलं, ती मी ओळखत होतो. मी रोज लोकांकडे तसाच बघत असे.

दुसरी नोटीस लिहिली. बांधकामात खोट काढता येत नव्हती म्हणून मी परवानगीच्या अर्जाचा कोरा नमुना उघडला आणि त्यातले रकाने वाचले. खोलीचा वापर कशासाठी ते नमूद नाही. खोलीत कोणीही राहत असल्याचे दिसून येत नाही. पूर्तता करावी. धुळा रस्त्यावरून आला, मान खाली घालून चिकटवली, आणि हात धोतराला पुसत निघून गेला.

त्या आठ दिवसांत मला त्या नोटिशीची दोन-तीनदा आठवण झाली. एकदा घरी जेवताना झाली, आणि मी ताटावरून उठलो. बायकोने विचारलं तर तिच्यावर खेकसलो.

तिसऱ्या खेपेला सकाळी साडेदहाला पोहोचलो. धोंडीराम आणि गोजरबाई दोघं अंगणात, घराकडे पाठ करून बसली होती. धोंडीरामची खुशी पार गेली होती. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. चार दिवस तो कामावर गेला नव्हता. त्याने नुसता हात खिडकीकडे केला.

खिडकीतून मी पाहिलं. आत एक माणूस बसला होता. खिडकीकडे पाठ. अंगात बनियन, मानेवर पिकत चाललेले केस, समोर जर्मन धातूची थाळी. डोकं बरोबर भिंतीवरच्या त्या तेलकट डागाच्या उंचीवर. तो भाकरी खात होता. भाकरी मोडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

"कोण आहे?" मी विचारलं.

चावणं थांबलं. तो वळला नाही. काही वेळाने पुन्हा चावू लागला.

धोंडीरामने सांगितलं ते असं. दार बाहेरून त्याने स्वतः कडी घालून बंद केलं होतं. घरात चार दिवस चूल पेटली नव्हती, मग भाकरी येते कुठून ते त्याला ठाऊक नव्हतं. माणूस कधी येत नाही, कधी जात नाही. कुठल्याही बाजूने पाहिलं तरी पाठच दिसते. एकदा धोंडीराम दार उघडून आत गेला आणि त्याच्याभोवती फिरून पुढे आला. पुढूनही पाठच होती.

गोजरबाईने माझ्या पायांना हात लावले. मला ते कधी आवडत नसे, कारण लोक ते सहज करतात. तिने सहज केलं नव्हतं.

"त्याला काय कमी हाय ते लिवू नका, साहेब," ती म्हणाली. "तेवडं करा."

मी हो म्हणालो. खरंच म्हणालो. सायकल घेऊन कचेरीत आलो, फाइल टेबलावर ठेवली आणि बराच वेळ तिच्याकडे बघत बसलो. पंखा फिरत होता. पलीकडच्या टेबलावर कोणीतरी शेंगा सोलत होतं. सगळं इतकं रोजचं होतं की मला स्वतःचीच लाज वाटली. बाईच्या रडण्याला भुलून मी, एकोणीस वर्षं मुरलेला ओव्हरसियर, एक रकाना मोकळा सोडणार होतो. उद्या हेच लोक चावडीवर बसून हसतील. घाबरलेला माणूस काय करतो, हे मला त्या दिवशी कळलं. तो नियमाला चिकटतो आणि त्याला कर्तव्य म्हणतो.

मी लिहिलं: राहणाऱ्याचे नाव नमूद नाही. पूर्तता करावी.

धुळा चिकटवायला तयार होईना. बदली करा, घरी बसवा, पण हा कागद लावणार नाही म्हणाला. तेव्हा दुपारी मी एकटाच गेलो, खळीचा डबा घेऊन. अंगणात कोणी नव्हतं. भिंत हाताला कोमट लागली. नोटीस लावली आणि मागे न बघता सायकलवर बसलो.

आठ दिवसांनी जायचं होतं. मी बारा दिवसांनी गेलो.

अंगण झाडलेलं होतं. गोजरबाई ओट्यावर सुपात तांदूळ निवडत होती. चेहरा भरल्यासारखा दिसत होता. मला पाहून तिने पदर सारखा केला.

"या की, साहेब," ती म्हणाली. "मालक आत जेवाया बसल्यात. तुमच्या कागदाचं समदं झालं म्हनत हुते."

नव्या खोलीचं दार उघडं होतं. आतून भाकरी मोडल्याचा आवाज आला.

मी विचारलं, मालक म्हणजे कोण.

तिला प्रश्न कळला नाही. मी फार जवळचं काही विचारल्यासारखी ती लाजून हसली.

तेवढ्यात मल्लप्पा त्याच्या वाढवलेल्या जिन्यावरून उतरून आला. तक्रार मागे घेतो म्हणाला. धोंडीरामने सगळं नियमाप्रमाणे केलं आहे, भला माणूस आहे, चूक आपलीच झाली. मग त्याने आवाज खाली आणला.

"त्या माणसाला तेवढं हाकला बघा री," तो कानडी वळणावर म्हणाला. "आठ दिवस झालं, हितंच उभा असतो."

रस्त्याच्या कडेला उन्हात एक माणूस उभा होता. अनवाणी. गिरणीतला खाकी सदरा घामाने पाठीला चिकटलेला. त्याची नजर घराच्या दारावर होती.

धोंडीराम होता तो.

मी गोजरबाईला विचारलं, याला ओळखतेस का. तिने सुपावरून मान वर करून नीट पाहिलं.

"न्हाय बा," ती म्हणाली. "लई गरीब दिसतो. तांब्याभर पानी देते मी."

मी त्याच्याकडे गेलो. जवळ गेल्यावर दिसलं की त्याचे ओठ फुटले होते. मला पाहून त्याच्या चेहऱ्यावर थोडा जीव आला.

"तुमचं नाव सांगा," मी म्हणालो.

त्याने तोंड उघडलं. घशाच्या शिरा ताणल्या. काही आलं नाही. त्याने पुन्हा प्रयत्न केला, आणि पुन्हा.

"तुमाला ठावं हाय की, साहेब," शेवटी तो म्हणाला. "तुमी म्हना."

मला ठाऊक होतं. खात्रीसाठी मी फाइल उघडली. पहिल्या पानावर, मालकाच्या रकान्यात, माझ्याच अक्षरात होतं. मी त्याच्या डोळ्यांत बघून, अगदी स्पष्ट हाक मारली.

"धोंडीराम."

त्याचे ओठ हलले.

"व्हय, साहेब," माझ्या पाठीमागून, खिडकीतून उत्तर आलं.